रासेयो कक्षातली दफ्तरदारी : नोंदणी यादीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) कक्षात, किंवा महाविद्यालयात रासेयोचे टेबल सांभाळणाऱ्या कनिष्ठ सहायकासाठी हे टिपण आहे. कार्यक्रम अधिकारी, म्हणजे रासेयो चालवणारे शिक्षक, शिबिरात फावडे घेऊन उभे असतात, फोटो त्यांचे येतात. मार्च उजाडला की मात्र सगळे तुमच्या कपाटाकडे धावतात. त्या कपाटात काय असावे, कोणत्या क्रमाने असावे आणि कुठे घोळ होतो, ते इथे आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करा. एका नियमित एककात, म्हणजे महाविद्यालयातल्या रासेयोच्या एका तुकडीत, १०० स्वयंसेवक असतात आणि त्यातले ५० विशेष शिबिराला जातात. हे आकडे नोंदणी यादी, हजेरीपट, देयके, अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कसे खर्च झाले त्याचा दाखला) अशा पाच कागदांवरून फिरतात. लेखापरीक्षक हे पाच कागद शेजारी शेजारी ठेवतो, बाकी फारसे काही करत नाही. जिथे दोन कागद वेगळे बोलतात तिथे आक्षेप लागतो. म्हणून कोणताही कागद पुढे पाठवण्याआधी तो आधीच्या कागदाशी जुळवून पाहायचा.

योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. केंद्र आणि राज्य मिळून तिचा खर्च उचलत असत. १ एप्रिल २०१६ पासून तो पूर्णपणे केंद्राकडे गेला. जुन्या नस्त्यांमध्ये राज्य हिश्श्याची पत्रे सापडतील. त्यातले मसुदे उचलून आज वापरू नका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी प्रादेशिक संचालनालय पुण्यात आहे. माहितीची वाट मात्र महाविद्यालय, जिल्हा समन्वयक, विद्यापीठ कक्ष, राज्य कक्ष अशी ठरलेली असते. मधली पायरी गाळून वर पत्र गेले, तर ते तुमच्याकडेच शेरा होऊन परत येते.

नोंदणी यादी

वर्षातले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम हेच. यादीत निदान एवढे रकाने हवेत : अनुक्रमांक, कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन, पूर्ण नाव, वर्ग, जन्मतारीख, लिंग, प्रवर्ग, रक्तगट, मोबाईल, पालकांचा मोबाईल, रासेयोचे पहिले वर्ष की दुसरे. लिंग आणि प्रवर्ग यांच्या एकत्रित संख्या प्रत्येक वार्षिक अहवालात मागतात. त्या वेळी शंभर मुलांना फोन करण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच विचारलेले बरे.

नाव परीक्षा अर्जावर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने घ्या. प्रमाणपत्र आणि गुणांची यादी परीक्षा विभागाकडे जाते, तिथे ‘पाटील आर. एस.’ चालत नाही. देवनागरी नाव विद्यार्थ्याकडूनच युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. जुन्या संगणकांवर अजून श्रीलिपी असते. त्या फाँटमधली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते आणि प्रमाणपत्रे छापायच्या आदल्या दिवशी ती सगळी हाताने टाइप करावी लागते.

एक्सेलची एक खोड लक्षात ठेवा. खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घेतला नाही, तर सुरुवातीचे शून्य गळतात, आणि १५ पेक्षा जास्त अंक असतील तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये पडतात. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. खाते क्रमांक लांब असलेल्या बँकांची देयके यामुळेच नाकारली जातात.

स्वयंसेवकांची नोंदणी आता केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवरही करून घेतात. हे पोर्टल ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाले. मुलांनी तिथे स्वतः नोंदणी केली तर बरेचदा महाविद्यालयाचे नाव चुकीचे निवडतात आणि तुमच्या एककाची संख्या ८३ वर अडकते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस-वीसच्या गटाने बसवून अर्ध्या दिवसात हे काम संपवावे. आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा मात्र जमवू नका. ज्या कागदाची गरज नाही तो कपाटात ठेवणे म्हणजे नसती जोखीम.

तास आणि हजेरी

स्वयंसेवकाने वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करायचे. १२० तासांची विभागणी साधारण अशी असते : २० तास उद्बोधन, महाविद्यालयाच्या आवारातले काम जास्तीत जास्त ३० तास, उरलेले ७० तास समाजात. बहुतेक महाविद्यालयांची गाडी या ३० वर घसरते. आवारातली स्वच्छता, स्नेहसंमेलनातली व्यवस्था, पाहुण्यांच्या स्वागताची रांग असे सगळे तास मिळून ८० होतात आणि दत्तक गावातले, म्हणजे महाविद्यालयाने रासेयोच्या कामासाठी निवडलेल्या गावातले, ४० भरतात. बेरीज १२० येते, पण नोंदवही उघडली की काम कुठे झाले ते दिसतेच. म्हणून हजेरीपटात ‘ठिकाण’ हा रकाना हवाच. डिसेंबरअखेर त्यानुसार बेरीज काढून कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या हातात द्या. तेव्हा गावातले उपक्रम लावायला वेळ असतो, मार्चमध्ये नसतो.

हजेरी त्याच दिवशी, त्याच जागी, स्वाक्षरीने घ्यायची. एकाच शाईत, एकाच हाताने भरलेला महिनाभराचा मस्टर कोणालाही ओळखू येतो.

नव्या अभ्यासक्रमात रासेयोला श्रेयांक असतील तर आणखी एक जुळणी आली. तेच तास श्रेयांकाच्या नोंदवहीत आणि रासेयोच्या नोंदवहीत अशा दोन ठिकाणी दिसतात. दोन्हींचा हजेरीपट एकच ठेवा आणि दुसऱ्याची त्यावरून प्रत काढा. दोन शिक्षकांनी दोन मस्टर चालवले की एकाच शनिवारी एकच मुलगा वर्गातही असतो आणि गावातही.

परिपत्रक काढताना

टिपणी मंजूर झाल्याशिवाय परिपत्रक जात नाही, हे माहीत असतेच. परिपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात तीन गोष्टी याव्यात : काय पाठवायचे, कोणत्या नमुन्यात, कोणत्या तारखेपर्यंत. शासनाच्या पत्राचा संदर्भ वर ‘संदर्भ’ या ओळीत पुरे. तो मजकुरात पुन्हा उगाळू नये. मुदत खऱ्या तारखेच्या निदान आठ दिवस आधीची द्या, कारण शे-दोनशे महाविद्यालयांपैकी वीस-पंचवीस कायम उशिरा येतात. त्यांची नावेही दरवर्षी बहुधा तीच असतात.

माहिती मागवताना मोकळा तक्ता जोडू नका. वृक्षारोपणाच्या संख्येच्या रकान्यात कोणी ‘१०० रोपे’ लिहितो, कोणी ‘शंभर’, कोणी ‘भरपूर’. त्यांची बेरीज होत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये संख्येच्या जागी फक्त अंक स्वीकारले जातील आणि महाविद्यालयाचे नाव यादीतून निवडावे लागेल, अशी सोय करा. नाव टाइप करू दिले की एकच महाविद्यालय चार वेगवेगळ्या नावांनी येते.

वर्षाची पत्रिका जूनमध्येच तयार ठेवावी : २१ जून योग दिन, २४ सप्टेंबर रासेयो दिन, २ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबर संविधान दिन, १ डिसेंबर एड्स दिन, १२ जानेवारी युवक दिन, २५ जानेवारी मतदार दिन. याखेरीज प्रजासत्ताक दिन संचलनाच्या निवड चाचण्या, ‘आव्हान’ (आपत्ती व्यवस्थापन शिबिर) आणि ‘उत्कर्ष’ (सांस्कृतिक महोत्सव) या राज्यस्तरीय उपक्रमांची पत्रे येतात. यांना मुदत फार कमी असते. निवड झालेल्या मुलांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, पालकांचे संमतिपत्र आणि ओळखपत्र यांचे कोरे नमुने आधीच छापून ठेवलेत, तर रात्री नऊला आलेला ई-मेल फारसा अंगावर येत नाही.

रक्तदान शिबिर महाविद्यालये उत्साहाने घेतात. पत्र काढताना एक ओळ न विसरता घाला : दात्याचे वय १८ पूर्ण हवे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या एककांत आणि प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुले असतातच आणि ती रांगेत उभी राहतात. अहवालात पिशव्यांची संख्या रक्तकेंद्राने स्वतःच्या पत्रशीर्षावर दिलेलीच धरायची. नोंदणी ११० जणांची असते, हिमोग्लोबिन आणि वजन तपासून रक्त घेतले जाते ७६ जणांचे, आणि अहवालात ११० पिशव्या लागतात. असे नेहमी होते.

विशेष श्रमसंस्कार शिबिर

शिबिराचा प्रस्ताव निदान दीड महिना आधी तुमच्या टेबलावर यायला हवा. सोबत हे कागद पाहा : महाविद्यालयाच्या सल्लागार समितीचे इतिवृत्त, ग्रामपंचायतीचा ठराव किंवा संमतिपत्र, मुक्कामाच्या जागेची परवानगी, ५० जणांची यादी पीआरएनसह, पालकांची संमतिपत्रे, विमा, मुलींसोबत मुक्कामी राहणाऱ्या शिक्षिकेचे नाव, सात दिवसांचे वेळापत्रक आणि अंदाजपत्रक. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्रांच्या पोच प्रती शिबिर सुरू होण्याआधी आल्या तरी चालतील.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर विसंबू नका; गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घ्या. निवडणुकीचे दिवस असतील तर तीच शाळा मतदान केंद्र असते, आणि आचारसंहितेत उद्घाटनाला लोकप्रतिनिधी बोलावता येत नाहीत. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर हे आठवून उपयोग नाही. परीक्षेचे वेळापत्रकही पाहून घ्या. विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिक परीक्षा शिबिराच्या आठवड्यात आल्या, की चौथ्या दिवसापासून मुले गळू लागतात.

हे गळणे देयकात कसे दिसते ते पाहू. समजा, मंजूर दर दरडोई ७०० रुपये आहे (दर अधूनमधून बदलतो, तुमच्या मंजुरीपत्रातलाच धरा). ५० स्वयंसेवकांचे ३५,००० रुपये झाले, म्हणजे माणशी रोज १०० रुपये. जेवणाचे काम गावातल्या बचत गटाला माणशी रोज ७० रुपये दराने दिले. सातव्या दिवसानंतर गटाचे देयक आले : ५० जण, ७ दिवस, ३५० ताटे, २४,५०० रुपये. आता हजेरीपट उघडा. पहिल्या दिवसापासून उपस्थिती अशी आहे : ५०, ५०, ४९, ४७, ४७, ४४, ५०. बेरीज ३३७. त्या दराने देयक २३,५९० रुपयांचे व्हायला हवे होते. फरक ९१० रुपयांचा. रक्कम किरकोळ आहे, पण आक्षेपाला रकमेची लाज नसते. बचत गटाचीही चूक म्हणता येत नाही, त्यांनी रोज पन्नासांचा स्वयंपाक केलाच. चूक आहे ती रोज सकाळी ताटांची संख्या लेखी न कळवण्याची. साध्या वहीत तारीख, संख्या, कार्यक्रम अधिकाऱ्यांची आणि गटप्रमुख ताईंची सही असली की हा वाद उद्भवत नाही. शिक्षक आणि पाहुणे जेवले असतील तर त्यांची संख्या वेगळ्या रकान्यात लिहा. शेवटच्या दिवशी ५० चा आकडा परत कसा येतो, हे वेगळे सांगायला नको. प्रमाणपत्र वाटप त्याच दिवशी असते.

प्रवासासाठी एसटीचा प्रासंगिक करार केला, म्हणजे पूर्ण बस भाड्याने घेतली, तर पावती व्यवस्थित मिळते. खासगी गाडी असेल तर गाडी क्रमांक, निघण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण, किलोमीटर आणि दर हे सगळे देयकात हवे. ‘गाडीभाडे ६,००० रुपये’ एवढीच ओळ असलेले देयक सरळ परत करा.

देयक तपासताना

देयक संस्थेच्या किंवा प्राचार्यांच्या नावाने हवे, कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक नावाने नको. क्रमांक, तारीख, वस्तू, नग, दर आणि नोंदणीकृत दुकान असेल तर जीएसटी क्रमांक पाहा. तारीख कार्यक्रमाच्या आधीची किंवा त्याच दिवसाची असावी. बॅनर कार्यक्रमानंतर चार दिवसांनी छापला, असे दाखवणारी देयके दरवर्षी येतात. कारण दुकानदार पैसे मिळतील त्या दिवशी बिल फाडतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

पाच हजारांहून जास्त रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्यायची. थर्मल कागदावरची पेट्रोल पंपाची किंवा मॉलची पावती काही महिन्यांत कोरी पडते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ पावतीच्या मागे जोडा. देयकाच्या पाठीवर ‘माल मिळाला, साठा नोंदवही पान क्र. … वर नोंद घेतली’ असा शेरा आणि त्याखाली ‘रु. … प्रदानार्थ मंजूर’ अशी सही लागते. टिकाऊ वस्तू, म्हणजे फावडी, घमेली, ध्वनिक्षेपक, जडसंग्रह नोंदवहीत जातात. टोप्या, वह्या, औषधे उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत. दरवर्षी २० फावडी विकत घेतली आणि जडसंग्रहात आधीचीच ६० दिसत असतील, तर खरेदीआधीच तसा शेरा मारा. दरपत्रके, म्हणजे दुकानदारांचे लेखी भाव, किती रुपयांच्या वरच्या खरेदीला लागतात, ते विद्यापीठाच्या लेखा संहितेत पाहून टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. तिन्ही दरपत्रकांवरचे हस्ताक्षर एकच आहे का, हेही एकदा बघून घ्यावे.

पैसे पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून जातात. एक जण नोंद करतो, दुसरा मंजूर करतो. दोन्ही पासवर्ड एकाच कागदावर लिहून संगणकाला चिकटवू नयेत. नव्या पुरवठादाराचे खाते बँकेकडून पडताळून यायला काही दिवस जातात, म्हणून बचत गटाचे पासबुक शिबिराच्या आधीच मागवा, नंतर नको. खातेदाराचे नाव पासबुकावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर टाका. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, जुना निघणे, हा ग्रामीण भागातला नेहमीचा ताप. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तरी जुनी पासबुके अजून फिरतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. पासबुकाच्या झेरॉक्सवर विसंबू नका, शाखेत फोन करून कोड विचारून घ्या.

कार्यक्रम अधिकारी बदलले की बँकेतल्या सह्याही बदलाव्या लागतात. त्यांची मुदत साधारण तीन वर्षांची असते, वाढली तर आणखी एक. सही बदलायचा ठराव, ओळखपत्रे, बँकेचा नमुना यांत महिना सहज जातो. हा महिना फेब्रुवारी-मार्च असू नये, म्हणून कोणाची मुदत कधी संपते याची यादी जूनमध्येच काढा. कार्यभार देताना-घेताना रोकडवहीतली शिल्लक, जडसंग्रह, कोरी प्रमाणपत्रे आणि प्रलंबित अग्रिम यांची यादी दोघांच्या सहीने करून घ्यावी.

फोटो आणि अहवाल

प्रत्येक उपक्रमाचे दोन-तीनच फोटो ठेवा, पण त्यांत काम दिसले पाहिजे. बॅनरसमोर उभ्या रांगेचा फोटो प्रत्येक उपक्रमात सारखाच येतो. फाईलचे नाव तारीख, गाव, उपक्रम या क्रमाने द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने मागवले तर त्यातली स्थळाची माहिती निघून जाते आणि आकारही घटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषासाठी हेच फोटो आणि हेच अहवाल पुन्हा लागतात. म्हणून अहवालात उपस्थितीची संख्या, सहभागी संस्थेचे नाव आणि तारीख पहिल्या दोन ओळींतच यावी. भाषणांचा सारांश कोणी वाचत नाही.

प्रमाणपत्रे

प्रमाणपत्राची स्वतंत्र नोंदवही ठेवा : क्रमांक, पीआरएन, नाव, वर्षे, तास, शिबिराची तारीख, घेणाऱ्याची सही. बिघडलेले प्रमाणपत्र फाडून टाकू नका, त्यावर ‘रद्द’ लिहून क्रमांकासह जपून ठेवा. विद्यापीठाच्या अध्यादेशानुसार रासेयोचे वाढीव गुण मिळत असतील, तर परीक्षा विभागाने दिलेल्या तारखेच्या आत यादी पोचवून तिची पोच घ्या. निकाल लागल्यावर गेलेली एक सुधारणा म्हणजे विद्यार्थ्याच्या किमान दोन महिन्यांच्या चकरा.

उपयोगिता प्रमाणपत्र

हे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नमुना १२-अ मध्ये द्यायचे असते. आरंभीची शिल्लक, वर्षात मिळालेले अनुदान, व्याज, एकूण, खर्च, अखर्चित रक्कम असा त्याचा क्रम. महाविद्यालये हमखास दोन चुका करतात. पहिली, मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि यंदाची आरंभीची शिल्लक वेगळी दाखवतात. दुसरी, खात्यात पडलेले व्याज शिबिराच्या खर्चात धरतात. व्याज हे अनुदान नव्हे, ते वेगळे दाखवून परत करायचे असते. शिवाय मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल, तर जादा रक्कम महाविद्यालयाच्या निधीतून भागवल्याची नोंद लागते. अन्यथा खर्चाचा आकडा मिळालेल्या रकमेहून मोठा दिसतो आणि प्रमाणपत्र परत येते. शून्य शिल्लक खाते असेल तर तिथे पैसे नसतात, फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ती ३१ मार्चनंतर हातात राहील असे धरू नका. देयके फेब्रुवारीअखेर टाकून मोकळे व्हा.

सनदी लेखापालाकडे कागद नेण्याआधी स्वतः एकदा रोकडवही, बँक विवरण आणि प्रमाणपत्र हे तिन्ही रुपयापर्यंत जुळवा. नियमित उपक्रम आणि विशेष शिबिर यांचा खर्च वेगळा दाखवायचा. दोन्हींची सरमिसळ झाली की शिबिराला ५० ऐवजी ४४ जण असतानाही रक्कम पूर्ण खर्च झालेली दिसते.

एवढे करूनही लेखापरीक्षणात एखाद-दुसरा आक्षेप राहतोच. त्याचे अनुपालन लिहिताना आक्षेपाचा परिच्छेद क्रमांक, त्यातली रक्कम, तुमचे उत्तर आणि जोडलेल्या कागदाचे पान असे चार रकाने करा. ‘सदर बाब भविष्यात लक्षात घेतली जाईल’ एवढ्या उत्तराने आक्षेप मिटत नाही, पुढच्या वर्षीच्या अहवालात तो ‘प्रलंबित’ म्हणून पुन्हा छापून येतो. वसुली निघाली असेल तर पैसे भरल्याच्या चलनाची प्रत जोडा आणि परिच्छेद वगळल्याचे पत्र मिळेपर्यंत त्या वर्षाची नस्ती अभिलेख कक्षात पाठवू नका.